मासे संकलनाची शास्त्रीय मोहीम: तयारीपासून संग्रहालयापर्यंत, क्रमवार

मोहिमेवरून आलेल्या बरण्या उघडल्या की पुन्हा पुन्हा तेच दिसतं. सगळे मासे थेट फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुने कुजू न देणाऱ्या द्रावणात, गेलेले असतात आणि डीएनएसाठी तुकडा घ्यायचा राहिलेला असतो. चिठ्ठी बरणीच्या बाहेर चिकटवलेली असते आणि अल्कोहोलचा ओघळ लागून तिच्यावरचं अक्षर पुसलेलं असतं. कोंबून भरल्यामुळे शेपट्या दुमडलेल्या असतात, मोठ्या माशांची पोटं आतून कुजलेली असतात. कधी परवानगी एका नदीची असते आणि नमुने दुसरीतले. मासे मिळालेच नाहीत ही तक्रार त्या मानाने कमी ऐकू येते.

यातली एकही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. मेलेल्या माशाचा रंग परत येत नाही, फॉर्मलिनने तोडलेला डीएनए जुळत नाही, न लिहिलेलं ठिकाण आठवणीतून भरता येत नाही. म्हणून इथे सगळा भर कोणत्या कामानंतर कोणतं काम यावर आहे.

## १. आधी प्रश्न, मग यादी

‘त्या खोऱ्यातले मासे गोळा करायचे’ हा प्रश्न झाला नाही. कोणत्या गटाचे, कशासाठी? नवीन जातीचं वर्णन करायचं असेल तर नर, मादी, पिल्लं अशी वेगवेगळ्या आकारांची मालिका लागते. आहाराचा अभ्यास असेल तर पोटातलं अन्न ताजं असताना स्थिर व्हायला हवं. वय काढायचं असेल तर कानातले खडे, म्हणजे ऑटोलिथ, फॉर्मलिनपासून दूर कोरडे ठेवावे लागतात. प्रश्न ठरला की जाळी, रसायनं, माणसं आणि परवानग्या यांची यादी आपोआप आखडते.

याच टप्प्यावर नमुने शेवटी कुठे ठेवले जाणार ते लेखी ठरवा. एखादं सार्वजनिक संग्रहालय ते घ्यायला तयार आहे का, कोणत्या क्रमांकपद्धतीत हवेत, ऊतकं, म्हणजे डीएनएसाठी घेतलेले शरीराचे तुकडे, उणे ८० अंशाला ठेवण्याची सोय आहे का, हे आधी विचारा. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर नवीन जातीचं नाव देताना नामधारक नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं तो नमुना, स्पष्टपणे ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल ते सांगावं लागतं. घरच्या कपाटात किंवा विभागाच्या मांडणीवर राहिलेला नमुना काही वर्षांत सुकतो आणि त्याच्याबरोबर त्यावर लिहिलेल्या लेखाचा आधारही जातो.

## २. परवानग्या: एक नव्हे, पाच-सहा

‘परवानगी आहे’ असं सांगणाऱ्याकडे बहुतेक वेळा एकच कागद असतो. प्रत्यक्षात पुढच्या प्रत्येक गोष्टीचा वेगळा विचार करावा लागतो: मासे धरण्याची परवानगी, संरक्षित क्षेत्रात शिरण्याची परवानगी, विजेने किंवा विषाने मासेमारी करण्याची खास परवानगी, प्राणी मारण्याच्या पद्धतीला नैतिकता समितीची मंजुरी, नमुने देशाबाहेर नेण्याचा परवाना आणि ते जिथे पोहोचणार त्या देशाचा आयात परवाना.

दोन आंतरराष्ट्रीय करार डोक्यात ठेवा. नागोया प्रोटोकॉल २०१० मध्ये स्वीकारला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. त्याच्या चौकटीत जनुकीय साधनसंपत्ती वापरण्याआधी त्या देशाची माहितीपूर्ण पूर्वसंमती आणि दोन्ही बाजूंना मान्य अटी लागू शकतात. छोट्या नळीतला स्नायूचा तुकडाही यात मोडतो, हे विसरलं जातं. दुसरा करार साइट्स, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा. सगळे समुद्रघोडे, सगळे स्टर्जन, सगळे सॉफिश (करवतीसारख्या तोंडाचे मासे), सीलाकँथ हा प्राचीन गटातला मासा आणि युरोपीय ईल त्याच्या परिशिष्टांत आहेत. यांचा एखादाच नमुना जाळ्यात आला तरी कागदाशिवाय तो सीमेपलीकडे नेता येत नाही. कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरच्या खुल्या समुद्रातून आणलेल्या परिशिष्टातल्या जातींनाही साइट्सचे नियम लागतात.

तपासा: परवान्यावर लिहिलेली नदी, तारखा, जाती, संख्या, साधनं आणि माणसांची नावं प्रत्यक्ष बेताशी जुळतात का? ऊतकं आणि डीएनए यांचा उल्लेख आहे का? मूळ प्रत नेत्याजवळ, छायाप्रत प्रत्येक गाडीत.

ज्या लोकांचं ते पाणी आहे त्यांची संमती कागदावर नसली तरी ती पहिली. तिथल्या मासेमारांना बेत सांगा, सोबत येणाऱ्यांना मोबदला द्या. कोणता मासा कोणत्या महिन्यात कोणत्या डोहात असतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

## ३. साहित्य: फॉर्मलिनचा हिशेब आधी करा

बाजारात मिळणारं तीव्र फॉर्मलिन म्हणजे सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिळून ‘१० टक्के फॉर्मलिन’ होतं. इथे गोंधळ ठरलेला. १० टक्के फॉर्मलिनमध्ये फॉर्मल्डिहाइड जेमतेम ४ टक्के असतं. काही जण १० टक्के फॉर्मल्डिहाइड करायला जातात आणि अडीचपट तीव्र द्रावणात मासे कडक करून ठेवतात.

डब्यात मासे एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत, उरलेलं द्रावण. म्हणजे तीस लिटरच्या पिंपात दहा लिटर मासे, वीस लिटर द्रावण आणि त्यासाठी दोन लिटर तीव्र फॉर्मलिन. हा हिशेब घरी करा आणि वर थोडं जास्तच घ्या. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनला तिथल्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांच्या हाती दीड मीटरचा सीलाकँथ आला, तेव्हा त्याला पुरेल एवढं फॉर्मलिन मिळालं नाही. मिळालं तेवढ्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रांत आणि चादरीत मासा गुंडाळावा लागला. आतले अवयव वाया गेले, आणि ते पाहायला १९५२ मध्ये दुसरा मासा मिळेपर्यंत थांबावं लागलं.

फॉर्मलिन साठवणीत आम्लधर्मी होतं आणि आम्ल हाडं व ऑटोलिथ विरघळवतं. म्हणून बोरॅक्स किंवा तसा बफर, म्हणजे आम्लता आवरणारा पदार्थ, सोबत घ्या आणि पीएच पट्टीने तपासा.

उरलेल्या सामानात या गोष्टी सर्वांत जास्त विसरल्या जातात:

- ऊतकांसाठी ९५ टक्क्यांहून तीव्र, शुद्ध इथेनॉल. भेसळ करून अपेय केलेलं औद्योगिक स्पिरिट डीएनएसाठी नको.
- कापसाच्या लगद्याचा टिकाऊ कागद, पेन्सिली आणि न पुसणारी पिगमेंट शाई. लेझर प्रिंटरवर छापलेल्या चिठ्ठ्यांची टोनर अल्कोहोलमध्ये सुटून तळाशी बसते.
- नायट्राइल हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि रसायनांसाठी वेगळी पेटी. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे. ते स्वयंपाकाच्या सामानाजवळ किंवा झोपायच्या तंबूत ठेवू नका.
- हवेचा पंप, झाकणाच्या बादल्या, जादा बॅटऱ्या.

## ४. पाण्यात पाय टाकण्याआधी

ठिकाणी पोहोचल्यावर जाळं हाती घ्यायची घाई होते. ती आवरा, कारण पहिल्या दहा मिनिटांत जे टिपायचं असतं ते एकदा गाळ ढवळला की गेलं.

क्रम असा ठेवा. सर्वांत आधी पाण्यातल्या डीएनएचा, म्हणजे माशांच्या शरीरातून पाण्यात सुटलेल्या डीएनएचा नमुना, अभ्यासात असेल तर. स्वच्छ हातमोजे घालून, अजून कुणी पाण्यात उतरलेलं नसताना. मग जागेचे फोटो: प्रवाहाच्या वरच्या दिशेने, खालच्या दिशेने, काठ, तळ. मग पाण्याचं तापमान, पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा. मग जीपीएस. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत लिहा, संदर्भपद्धत डब्ल्यूजीएस ८४ अशी नोंदवा आणि यंत्र दाखवत असलेली चूकही लिहा. पाच दशांश स्थळं पुरतात, तेवढ्यात साधारण मीटरभराची अचूकता येते.

ठिकाणाचं शब्दांतलं वर्णन मात्र जीपीएसवर सोडू नका. आकडा लिहिताना एक अंक चुकला की नमुना डोंगरावर किंवा समुद्रात जाऊन पडतो. तो चुकला हे शब्दांवरूनच कळतं. ‘नदी, पुलाजवळ’ याला ठिकाण म्हणत नाहीत. नदीचं नाव, ती कोणत्या मोठ्या नदीला मिळते, पूल कोणत्या दोन गावांच्या रस्त्यावरचा, पुलाच्या वरच्या अंगाला की खालच्या, किती अंतरावर, कोणत्या काठाला, एवढं लिहा. आपण कधीच भेटणार नाही अशा माणसाला त्या जागी उभं राहता आलं पाहिजे.

प्रत्येक जागेला, प्रत्येक वेळेला एक क्षेत्रक्रमांक. त्याच डोहात संध्याकाळी पुन्हा जाळं टाकलं तर नवा क्रमांक.

सावधान: वरच्या भागात पाऊस पडत असेल तर नदी निरभ्र आकाशाखालीही चढते. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली की सामान सोडून बाहेर या.

## ५. मासे धरणं

एकाच साधनाने एका जागेची खरी यादी मिळत नाही. काठाच्या उथळ वाळूत ओढजाळं, डोहात पाग, झुडपांच्या मुळांत हातजाळं, खोल संथ पाण्यात गिलनेट (माशाचे कल्ले अडकवणारं उभं जाळं), दगडांच्या फटींत सापळा. खळाळातल्या दगडांना चिकटून राहणारे मासे हवे असतील तर जाळं खालच्या बाजूला घट्ट रोवा आणि वरच्या बाजूचे दगड पायांनी हलवत या. इतर बहुतेक कामात खालून वर सरकत जा, म्हणजे ढवळलेला गाळ तुमच्या पुढच्या पाण्यात येत नाही.

गिलनेट लावून झोपून जाणं ही सर्वांत महागडी सवय. अडकलेले मासे मरतात, खेकडे आणि इतर मासे त्यांना कुरतडतात, कासवं आणि पाणपक्षी बुडतात. ठरावीक वेळाने जाळं तपासणारा माणूस नेमलेला नसेल तर ते लावू नका.

विजेच्या यंत्राने मासे धरायचे तर प्रशिक्षित माणूस हवाच, आणि एकट्याने कधीच नाही. एकदिश प्रवाह वापरा. प्रत्यावर्ती प्रवाहाने माशांचे मणके मोडतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हे यंत्र निरुपयोगी असतं आणि क्षार अगदी कमी असलेल्या डोंगरी पाण्यातही त्याची पकड सुटते, म्हणून विद्युतवाहकता आधी मोजलेली असायला हवी. रोटेनॉन हे वनस्पतीतून मिळणारं मासेविष पेशींचं श्वसन थांबवतं आणि प्रवाळखडकांच्या कपारींतले लपलेले मासे दुसऱ्या कशानेच इतके मिळत नाहीत, हे खरं. पण परवानगी, मर्यादित पाणी आणि त्याचा अंमल संपवण्याची व्यवस्था या तिन्ही गोष्टी नसतील तर त्याला हात लावू नका.

धरलेले मासे हवा सोडलेल्या, सावलीतल्या बादलीत. शिकारी मासे वेगळ्या बादलीत ठेवा, नाहीतर तुमचा सर्वांत छोटा आणि कदाचित सर्वांत दुर्मिळ नमुना दुसऱ्याच्या पोटात जातो. काटेरी मांजरमाशांना पिशवीत भरू नका, पिशवी फुटते.

बाजारातून मासे घेणंही योग्य आहे, विशेषतः खोल पाण्यातल्या जातींसाठी. पण मासा कुठे धरला हे धरणाऱ्याने स्वतः सांगितलेलं नसेल तर ठिकाण म्हणून बाजाराचंच नाव लिहा. अंदाजाने नदी लिहिली की एखाद्या जातीचा प्रसार-नकाशा कायमचा बिघडू शकतो.

तपासा: पुरेसे झाले का? प्रत्येक जातीचे लागतात तेवढेच ठेवा, बाकीचे लगेच सोडा. सोडण्याआधी नेहमीच्या जातींचेही थोडे नमुने घेतले आहेत ना हे पाहा. आज ‘नेहमीची’ वाटणारी जात नंतर तीन जातींचं मिश्रण निघू शकते.

## ६. मारणं: शांतपणे, पूर्णपणे

जिवंत मासा फॉर्मलिनमध्ये टाकणं क्रूर आहे आणि त्याने नमुनाही बिघडतो, कारण तो आ वासून, वाकडा होऊन मरतो. एमएस-२२२ हे माशांचं भूल देणारं औषध किंवा लवंगतेलातलं युजेनॉल यांचा जादा डोस वापरा. एमएस-२२२ पाणी आम्लधर्मी करतं, म्हणून खाण्याच्या सोड्याने ते उदासीन करा. लवंगतेल पाण्यात मिसळत नाही, आधी थोड्या इथेनॉलमध्ये ढवळून मग पाण्यात टाका. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान १० मिनिटं मासा त्याच पाण्यात राहू द्या.

सावधान: या रसायनांतून गेलेला मासा खायला कुणालाही देऊ नका. मागितला तरी नाही.

## ७. फोटो: पहिली काही मिनिटं

मेल्यानंतर माशाचा रंग मिनिटांत उतरतो, अल्कोहोलमध्ये तर बहुतेक रंग पुरता जातो. जमल्यास अरुंद काचपेटीत जिवंत मासा टिपा. मग मेलेल्या माशाचा ठरलेला फोटो: डोकं डावीकडे, डावी बाजू वर, शेजारी मोजपट्टी आणि क्रमांक. मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यांनी रूढ केलेली रीत अजूनही सर्वांत चांगली. मासा मऊ फळीवर ठेवायचा, बारीक टाचण्यांनी पर, म्हणजे पोहण्याचे पंख, ताणून धरायचे, परांवर ब्रशने तीव्र फॉर्मलिन लावायचं आणि काही मिनिटं थांबायचं. टाचण्या काढल्या तरी पर उघडे राहतात, काटे आणि किरणं (परांना आधार देणाऱ्या काड्या) मोजता येतात. पण ज्या पराचा तुकडा डीएनएसाठी घ्यायचा त्याला हे फॉर्मलिन लागता कामा नये. सगळ्यात सोपं म्हणजे ऊतक आधी घ्या, उजव्या बाजूने, आणि फोटो लगेच नंतर.

क्रमांकाची चिठ्ठी एका तरी फोटोत माशासोबत दिसलीच पाहिजे. फाइलच्या नावावर विसंबू नका, नावं बदलतात.

## ८. ऊतक: फॉर्मलिनच्या आधी, नेहमी उजवीकडून

फॉर्मलिन डीएनएचे तुकडे करतं आणि त्याला प्रथिनांशी जखडतं. अशा नमुन्यातून डीएनए काढायचे प्रयत्न होतात, पण ते खर्चिक आणि बेभरवशाचं आहे. म्हणून ऊतक आधी.

उजवी बाजू का? मोजमापं, चित्रं आणि फोटो परंपरेने डाव्या बाजूचे असतात, ती बाजू अखंड राहायला हवी. पाठीवरच्या पराखाली उजवीकडे दोन-तीन खवले दूर करा, छोटी चीर द्या आणि तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा स्नायू उचला. छोट्या माशात उजवा छातीचा पर पुरतो. अगदी चिमुकल्या माशांचे दोन-तीन पूर्ण नमुने थेट इथेनॉलमध्ये ठेवा, बाकीचे फॉर्मलिनला.

मोठा तुकडा म्हणजे जास्त डीएनए ही समजूत चुकीची. इथेनॉल आतपर्यंत पोहोचत नाही आणि मधला भाग कुजतो. ऊतकाच्या किमान दहापट इथेनॉल हवं. ऊतकातलं पाणी ते पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बदला. दोन माशांच्या मध्ये पातं बदला, चिमटा ब्लीचने पुसून पाण्याने धुवा.

तपासा: नळीवरचा क्रमांक आणि माशाला बांधलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक एकच आहे ना? दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून जुळवायचं. एकाच बरणीत एका जातीचे वीस मासे आणि वीस नळ्या, पण कोणती नळी कोणाची ते माहीत नाही, अशी स्थिती म्हणजे ऊतकं जवळपास वाया.

## ९. फॉर्मलिन: सरळ, सैल, पोट उघडं

मासे आधी उथळ ट्रेमध्ये सरळ झोपवा, पर उघडे ठेवून, कडक होईपर्यंत. मग पिंपात. वाकडा फिक्स झालेला, म्हणजे फॉर्मलिनमध्ये तसाच कडक झालेला, मासा नंतर सरळ होत नाही आणि त्याची प्रमाण लांबी, म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळातल्या हाडापर्यंतची, नीट मोजता येत नाही.

साधारण १० सेंटिमीटरहून मोठ्या माशाच्या पोटाला उजव्या बाजूने चीर द्या किंवा सुईने पोटात आणि जाड स्नायूंत फॉर्मलिन भरा. चीर मध्यरेषेवर नको, तिथले पर आणि खवल्यांची रांग ओळखीसाठी लागतात. बोटाएवढ्या माशांना दोन-तीन दिवस, वीतभर माशांना आठवडा, मोठ्यांना दोन आठवडे किंवा जास्त. उष्ण हवेत पहिल्या दिवशीच एकदा द्रावण बदलणं चांगलं, कारण रक्त आणि पाणी सुटून ते पातळ होतं.

चिठ्ठी बरणीच्या आत, माशांसोबत. त्याच क्षणी. ‘संध्याकाळी लिहू’ म्हणून ठेवलेल्या दोन पिशव्या रात्री सारख्याच दिसतात.

## १०. रात्रीचा हिशेब

दमून आल्यावर हेच काम टाळलं जातं आणि मोहिमेचं निम्मं नुकसान इथेच होतं. जेवणाआधी बसा. प्रत्येक क्षेत्रक्रमांकासमोर बरण्या, नळ्या, फोटो यांची संख्या लिहा आणि मोजून जुळवा. जिवंतपणीचे रंग शब्दांत लिहा. वहीच्या पानांचे फोटो काढा, कॅमेऱ्यातलं सगळं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत ठेवा.

दुसऱ्या खोऱ्यात जाण्याआधी जाळी, बूट, बादल्या यांवरचा चिखल घासून काढा, निर्जंतुक करा, पूर्ण वाळवा. ओल्या जाळ्यातून रोगजंतू, शेवाळ आणि परक्या गोगलगाई प्रवास करतात.

## ११. धुणं, अल्कोहोल आणि प्रवास

फिक्स झालेले मासे काही दिवस पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा. मग अल्कोहोल टप्प्याटप्प्याने: ३५, ५० आणि शेवटी ७० टक्के. एकदम ७० मध्ये टाकलेले छोटे मासे आकसतात. फॉर्मलिनचं सांडपाणी नदीत ओतू नका, साठवून परत न्या.

प्रवासासाठी मासे ओल्या मलमलीत गुंडाळा, सीलबंद पिशवीत घाला, ती दुसऱ्या पिशवीत, मध्ये शोषक कागद. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हवाई वाहतूक नियमांत अशा शास्त्रीय नमुन्यांसाठी ए१८० ही खास तरतूद आहे. तिच्यानुसार आतल्या पिशवीत किंवा नळीत मोकळा द्रव ३० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, पूर्ण खोक्यात ज्वालाग्राही द्रव एक लिटरपेक्षा जास्त नको आणि खोक्यावर ठरलेला मजकूर लिहिलेला हवा. विमान कंपनीशी आधी बोला आणि नियमाची छापील प्रत सोबत ठेवा. ऊतकं आणि मासे शक्यतो वेगळ्या खोक्यांत पाठवा, म्हणजे एक हरवलं तरी दुसरं हाती राहतं.

## १२. सुपूर्द केल्यावरच मोहीम संपते

संग्रहालयाचा नोंदक्रमांक मिळाला की तो ऊतकाच्या, फोटोच्या आणि डीएनए क्रमाच्या नोंदीत जोडा. माशांच्या बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएवरून जात ओळखण्यासाठी, नेहमी वापरला जाणारा सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग जेनबँक या सार्वजनिक डीएनए संग्रहात गेला, पण त्यामागचा मासा कोणत्या बरणीत आहे हे लिहिलं नाही, तर जातीची ओळख चुकली की तपासायची सोयच राहत नाही. जातीचं नाव एशमायर यांच्या मत्स्यसूचीत, म्हणजे माशांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन सूचीत, पडताळा, तिथे सध्या मान्य असलेली नावं सतत अद्ययावत होतात. ओळख कुणी, कधी केली तेही लिहा. खात्री नसेल तर वंशाच्या नावापुढे ‘जात अनिश्चित’ लिहून थांबा.

परवान्याच्या अटीत ठरलेला अहवाल आणि नमुन्यांचा ठरलेला वाटा यजमान देशातल्या संस्थेला मुदतीत पाठवा. ज्या मासेमारांनी डोह दाखवले त्यांच्यासाठी फोटोंसह जातींची यादी त्यांच्या भाषेत करा, स्थानिक नावं त्यांच्याकडूनच तपासून घ्या, आणि ती यादी लेख छापून येण्याची वाट न पाहता पोहोचवा.